इमारत एकाची, आराखडा दुसऱ्याचा, चित्र तिसऱ्याचे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मी चार दिवसांपूर्वी इथे उतरले, तेव्हा फलाटावर माझी पिशवी घ्यायला सहा माजी विद्यार्थी उभे होते. त्यांतल्या तिघांना मी कधीकाळी वर्गाबाहेर उभे केले होते, ही आठवण त्यांनीच मला करून दिली. मेळावा आज असताना मी चार दिवस आधी का आले, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगणार नाही. 'बाई, व्यासपीठावरून माझे नाव घ्यायचे नाही' अशी अट तिने मला घातली आहे, आणि ती याच सभागृहात मागे कुठेतरी बसली आहे. मामाने दिलेला एक जुना कॅमेरा तिच्यापाशी असे. स्नेहसंमेलनात सारे जण नाटकातल्या मुलामुलींचे फोटो काढत; ही मात्र रिकाम्या व्हरांड्याचे, जिन्याचे आणि खिडकीतून फरशीवर पडलेल्या उन्हाचे काढी. निकालानंतर तिचे वडील सल्ला विचारायला आले. मी त्यांना म्हणाले, "छंद म्हणून ठीक आहे, पण पोट भरण्यासाठी काहीतरी भरीव शिकू द्या. भिंतींचे फोटो काढायला पैसे कोण देणार?" वडिलांना माझे म्हणणे पटले. मुलगी काही बोलली नाही. तिने पुढे वास्तुरचनेची पाच वर्षांची पदवी घेतली, या शहरातल्या एका कार्यालयात उमेदवारी केली आणि गेली बारा वर्षे ती नेमके तेच काम करते आहे, भिंतींचे फोटो काढण्याचे. लोक तिला पैसे देतात. शिवाय स्वतःखेरीज आणखी दोन माणसांचे पगार ती त्यातून भागवते.

माझा सल्ला चुकला होता, हे मी जाहीरपणे सांगते आहे. पण तो नेमका कशात चुकला हे मला बरीच वर्षे कळलेले नव्हते. ते समजून घ्यावे म्हणून मी चार दिवस आधी आले.

या व्यवसायाला वास्तुछायाचित्रण म्हणतात. वास्तुकार आपले काम पाहणाऱ्यांपुढे ठेवतो ते बहुधा चित्रांतून. इमारत उचलून कुणाच्या टेबलावर ठेवता येत नाही, आणि नवा गिऱ्हाईक प्रत्येक घर हिंडून पाहत नाही. म्हणून वास्तुकार, अंतर्गत सजावट करणारे, बांधकाम व्यावसायिक, हॉटेले, फरश्या आणि खिडक्या बनवणारे कारखाने अशा सर्वांना आपल्या कामाची नेटकी चित्रे लागतात. ज्या बेंगळुरूत इतकी वास्तुकार-कार्यालये आहेत, तिथे अशा चित्रकाराला काम मिळणे नवलाचे नाही. नवल असलेच, तर ते काम टिकवण्यात आहे.

परवा ती मला दक्षिण बेंगळुरूतल्या एका नव्या घरी घेऊन गेली. पहाटे साडेपाचला निघालो. आदल्या आठवड्यात ती त्या घरी एकदा जाऊन आली होती. कोणत्या खोलीत ऊन केव्हा येते, समोरच्या झाडाची सावली कुठवर पोहोचते, विजेच्या तारा कुठून जातात याची टिपणे तिच्या वहीत होती. वास्तुकाराशी बोलून कोणती चित्रे हवीत याची यादी ठरली होती. घरात शिरल्यावर तिने पहिले काम काय केले असेल, तर घरातल्या आजींना वाकून नमस्कार केला आणि कन्नडमध्ये विचारले, कोणत्या खोलीत येऊ नको ते आधी सांगा. आजींनी देवघर दाखवले. ते दार दिवसभरात उघडले गेले नाही.

त्यानंतर मी जे पाहिले ते सांगण्याजोगे आहे. फडताळावरची एकही वस्तू हलवण्यापूर्वी तिचा सहायक मोबाईलवर त्या फडताळाचा फोटो काढी. काम झाले की तो फोटो समोर धरून प्रत्येक डबा आणि प्रत्येक पुस्तक पूर्वीच्या जागी ठेवी. मी विचारले, एवढे कशासाठी? ती म्हणाली, "बाई, घर त्यांचे आहे. आपण गेल्यावर त्यांना चष्मा सापडला नाही, तर चित्र कितीही चांगले आले तरी ते वास्तुकाराला माझ्याबद्दल चांगले सांगणार नाहीत." अंगणात एक तुळशीवृंदावन होते. वास्तुकाराला ते चौकटीत नको होते, आजींना ते हलवलेले चालणार नव्हते. तिने कुणाशीही वाद न घालता तिवई चार पावले डावीकडे नेली. आता वृंदावन खांबामागून अर्धेच दिसत होते. पुढे दोघांनाही ते चित्र आवडले, असे मला कळले.

कॅमेऱ्याची कारागिरी मला सगळी समजली असे नाही. एवढे समजले की, उंच इमारत टिपण्यासाठी कॅमेरा वर उचलला की तिच्या भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. ते टाळायला कॅमेरा जमिनीशी समांतर ठेवून केवळ भिंग वर सरकवावे लागते, आणि तसे सरकणारे भिंग फार महाग असते. तिने पहिली तीन वर्षे ते भाड्याने आणून वापरले. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर आकाश गडद निळे होते, घरातले दिवेही लागलेले असतात, अशी एक वेळ येते. आपल्या अक्षांशावर ती जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकते. त्या वीस मिनिटांसाठी आम्ही दुपारी चारपासून गच्चीवर बसलो होतो. परीक्षेच्या निरीक्षणाचा अनुभव असल्यामुळे मला ते जड गेले नाही.

आता थोडे इतिहासाकडे वळते. तो माझा विषय आहे, तेव्हा आपण समजून घ्याल. शिवाय ही कथा याच शहरातली आहे.

लिनिअस ट्राइप हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी 1854 साली इंग्लंडमधली रजा संपवून बेंगळुरूच्या छावणीत परतला. रजेत तो छायाचित्रण शिकला होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने हळेबीड आणि बेलूरच्या देवळांची चित्रे घेतली, आणि दोन महिन्यांनी मद्रासच्या प्रदर्शनात 68 चित्रे मांडली. परीक्षकांनी ती कागदावरच्या छायाचित्रांत सर्वोत्तम ठरवली. 1855 मध्ये ब्रह्मदेशाच्या राजाकडे शिष्टमंडळ गेले, त्यात त्याला सरकारी छायाचित्रकार म्हणून घेतले. पाऊस आणि आजारपण यांतून त्याला प्रत्यक्ष कामाला 36 दिवसच मिळाले, तरी त्याने दोनशेवर चित्रे आणली. मग इथे, बेंगळुरूत बसून, प्रत्येकी 120 चित्रांचे 50 संच उन्हात छापून तयार केले. म्हणजे सहा हजार प्रती, हाताने, एकेक करून.

मद्रास सरकारने त्याला इलाख्याचा छायाचित्रकार नेमले. 1857 च्या डिसेंबरात तो चार बैलगाड्यांवर सामान लादून बेंगळुरूहून निघाला आणि सुमारे साडेचार महिने श्रीरंगम, मदुराई, तंजावर असा हिंडला. तंजावरच्या बृहदीश्वराच्या पायथ्याशी कोरलेला तमिळ लेख त्याने असा टिपला की, 21 चित्रे एकमेकांस जोडून सुमारे 19 फूट लांबीचा एकच पट तयार झाला. (त्याच देवळाच्या आवारात सरफोजीराजांनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा भला मोठा मराठी लेखही आहे. तिथे जाल तेव्हा तो पाहिल्याशिवाय परतू नका.) काम उत्कृष्ट होते, आजही जगातली मोठी संग्रहालये ते जपून ठेवतात. पण 1859 मध्ये चार्ल्स ट्रेव्हेलियन मद्रासचे गव्हर्नर म्हणून आले. त्यांना छायाचित्रण हा सरकारी तिजोरीला न परवडणारा शौक वाटला आणि त्यांनी ते बंद करण्याचा हुकूम दिला. ट्राइपने त्यानंतर कॅमेरा जवळजवळ हाती घेतलाच नाही. त्यावेळी तो चाळिशीही उलटलेला नव्हता.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला गव्हर्नरसाहेबांचा राग आला. माझ्या विद्यार्थिनीला मात्र तसा राग आला नाही. ती म्हणाली, "बाई, त्याला एकच गिऱ्हाईक होते." तिचे म्हणणे मी नंतर विचार करून पडताळले आणि ते मला पटले. ट्राइपचे कौशल्य अव्वल होते, पण त्याचा आश्रय एका कचेरीत होता. त्या कचेरीतला माणूस बदलला आणि सारे संपले.

याच्या शेजारी लाला दीनदयाळ ठेवून पाहा. मेरठजवळच्या सरधन्याचा हा माणूस रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला आणि 1866 मध्ये होळकरांच्या इंदुरात बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे करण्याच्या नोकरीला लागला. छायाचित्रण त्याने नोकरी सांभाळून हस्तगत केले. तुकोजीराव होळकर दुसरे आणि ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली या दोघांनी त्याला उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्याने मध्य भारतातल्या वास्तू टिपल्या. त्यांचा ग्रंथ 1886 साली निघाला. दरम्यान हैदराबादच्या निजामाने त्याला पदरी घेतले. तरीही दीनदयाळ एका दरबारापुरता राहिला नाही. इंदूर, सिकंदराबाद आणि 1896 पासून मुंबई अशी त्याची स्टुडिओची दालने होती. संस्थानिक, इंग्रज अधिकारी आणि सामान्य कुटुंबे सारेच तिथे येत. पडद्यातल्या स्त्रियांसाठी हैदराबादेत स्वतंत्र स्टुडिओ काढून तो त्याने एका बाईच्या हाती सोपवला. गिऱ्हाइकाची अडचण ओळखणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानात यावे. शिवाय काचेच्या प्लेटांवर क्रमांक घालून त्या नीट ठेवण्याची शिस्त होती. 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांपैकी 2,857 प्लेटा घेतल्या. आठ-नऊ दशकांनंतर त्या सापडल्या आणि ओळखताही आल्या.

तेव्हा पालकहो, वीस वर्षांपूर्वी मी 'भरीव' हा शब्द वापरला, तो चुकीच्या जागी. भरीवपणा मी विषयात शोधत होते. तो असतो माणूस काम कसे करतो त्यात. दीनदयाळांना अंदाजपत्रक करता येत होते, आणि माझ्या विद्यार्थिनीलाही येते. तिचे पहिले काम उमेदवारी केली त्याच कार्यालयाने दिले, कारण सांगितलेल्या दिवशी सांगितलेली वस्तू पोहोचते हे त्यांनी पाहिले होते. दुसरे काम त्यांच्या शब्दावर मिळाले. पहिल्या वर्षी तिने दर फार कमी ठेवला आणि पुढे तो वाढवताना तिला त्रास झाला. ती म्हणते, कमी दर ज्याने पाहिला त्याला योग्य दर जास्त वाटतो. आता वास्तुकार, सजावटकार आणि खिडक्यांचा कारखानदार अशा तिघांना तीच चित्रे हवी असतील, तर ती चित्रीकरणाआधीच तिघांना एकत्र आणते आणि खर्च वाटून देते. प्रत्येकाने ती कुठे वापरायची हे त्यावेळीच ठरते.

हे 'आधीच ठरवणे' ती ठेच लागून शिकली. सुरुवातीच्या काळात तिने एका वास्तुकारासाठी काढलेले चित्र काही महिन्यांनी एका बांधकाम व्यावसायिकाच्या रस्त्यावरच्या भल्या मोठ्या फलकावर दिसले. खाली तिचे नावही नव्हते. ती संतापून वकिलाकडे गेली. वकिलांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम वाचून दाखवले. कुणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले, तर उलट करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. करार नव्हता. भांडायला जागाच नव्हती. त्याच कायद्यात बांधलेल्या वास्तूचे छायाचित्र घेतल्याने वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही असेही म्हटले आहे. पण कुणाच्या आवारात शिरायचे तर परवानगी लागतेच. तेव्हापासून तिचा दोन पानी कागद आधी जातो आणि कॅमेरा मागून. त्यात दिवस, चित्रांची संख्या, आगाऊ रक्कम, हक्क कुणाकडे, नाव कुठे छापायचे आणि पावसाने काम बुडाले तर काय, हे सारे असते. मी तो कागद वाचला. भाषा साधी आहे, आणि मराठीची जुनी शिक्षिका म्हणून सांगते, एकही वाक्य संदिग्ध नाही.

तारांचे जंजाळ चित्रातून पुसतेस का, असे मी तिला विचारले. ट्राइपही कोऱ्या आकाशात कुंचल्याने ढग रंगवीत असे. ती म्हणाली, तात्पुरती गोष्ट पुसते. उद्या काढली जाणारी परांची, कुणीतरी ठेवलेली बादली. शेजारची इमारत पुसत नाही, भिंतीची खरी भेगही पुसत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने समोरची झोपडपट्टी काढून टाकायला सांगितले. तिने ते काम सोडले आणि आगाऊ रक्कम परत केली. त्या महिन्याचे घरभाडे तिने वडिलांकडून घेतले, हेही तिने मला सांगितले.

मराठी माध्यमात शिकून मुलांचे काय होणार, ही चिंता या सभागृहातल्या अनेकांनी माझ्यापाशी बोलून दाखवली आहे. मी एवढेच पाहिले: परवा तिने आजींशी कन्नडमध्ये, वास्तुकाराशी इंग्रजीत आणि सुताराशी हिंदीत संभाषण केले, आणि वहीतली टिपणे मराठीत होती. इंग्रजीची पहिली दोन वर्षे तिला जड गेली. ती ते लपवत नाही, मीही लपवत नाही.

आता शाळेच्या कामाचे बोलते.

दिल्लीत मदन महत्ता नावाचे छायाचित्रकार होते. स्वातंत्र्योत्तर काळातल्या नव्या वास्तू त्यांनी वर्षानुवर्षे टिपल्या. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे, राज रेवाल अशा वास्तुकारांचे काम त्यांच्या चित्रांत आहे. राज रेवाल यांनी रचलेले प्रगती मैदानावरचे 1972 चे हॉल ऑफ नेशन्स एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत पाडले गेले. महत्तांची चित्रे तेवढी उरली आहेत.

आपल्या शाळेची जुनी दगडी इमारत या उन्हाळ्यात उतरवली जाणार आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या निर्णयावर आज मी बोलणार नाही. तो झाला आहे. त्या इमारतीची चित्रे तिने काढावीत, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आणि तिला पत्र पाठवून रीतसर दरपत्रक मागवले. ते आले. काही सदस्यांचे मत पडले की, माजी विद्यार्थिनीने शाळेचे काम विनामूल्य करावे. त्यांचा भाव मी समजू शकते. पण वीस वर्षांपूर्वी 'भिंतींच्या फोटोला पैसे कोण देणार' असे मी याच मुलीच्या वडिलांना विचारले होते, आणि आता शाळेनेच ते खरे करून दाखवावे, हे मला मान्य नव्हते. दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत दरपत्रक मंजूर झाले. तिने स्मरणिकेला देणगी दिली आहे ती वेगळी, आणि तिची पावती वेगळी फाडली आहे.

चित्रीकरण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवस चालेल. ज्यांच्याकडे शाळेचे जुने फोटो असतील त्यांनी ते कार्यालयात पाहण्यासाठी द्यावेत. मूळ प्रत परत मिळेल. जिन्याखालची मोडकी बाके हलवू नयेत असे तिने कळवले आहे. सायकली मात्र आदल्या संध्याकाळी हलवाव्या लागतील. आणि घंटा पितळेची असली तरी त्या आठवड्यात घासायची नाही, हे शिपाईमामांना मी सांगून ठेवले आहे. त्यांना ते अजून पटलेले नाही.